रक्त दोडामार्गाचं, नोंदवही पुण्याची

2016 च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाच्या रानात माकडं मरून पडायला लागली. काजू-केळीच्या बागायतीत माकड म्हणजे नुकसान, त्यामुळे सुरुवातीला कुणी हळहळलं असेल असं नाही. मग माणसं तापानं आडवी झाली. डोकं फुटायची वेळ यावी असं दुखणं, अंगात कणकण, कुणाच्या नाकातून तर कुणाच्या हिरड्यांतून रक्त. ज्यांना जमलं त्यांनी नेहमीसारखी गोव्याची वाट धरली. दोडामार्गाला मोठं दुखणं आलं की बांबोळीचं रुग्णालय. इथल्या माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा तोच रस्ता ओळखीचा. रक्ताचे नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत गेले आणि निदान आलं: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप. आदल्याच वर्षी सीमेपलीकडे सत्तरीतल्या पाली गावात काजूवर राबणाऱ्यांना हाच ताप आला होता.

हा विषाणू गोचिडीतून येतो. रानातला पातेरा गोळा करताना, झाडाखाली साफसफाई करताना, पुढे हंगामात काजूची बोंडं वेचताना ती पायाला चिकटते. गोचिडी पकडायची शास्त्रीय पद्धत अगदी साधी आहे. पांढरं फडकं पाचोळ्यावरून ओढत न्यायचं, थोड्या वेळानं उलटून बघायचं, चिकटलेले मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक ठिपके चिमट्यानं उचलून बाटलीत घालायचे आणि बाटलीवर गाव, तारीख, जागा लिहायची. ओढण्यापर्यंतचं काम रानाची माहिती असलेला कुणीही करू शकतो, बऱ्याचदा शिकलेल्यापेक्षा चांगलं. बाटलीवरच्या चिठ्ठीपासून पुढचं सगळं मात्र दुसऱ्यांच्या हाती जातं.

यथावकाश शोधनिबंध आले आणि सिंधुदुर्गाचं नाव त्यांच्या शीर्षकात छापलं गेलं. दोडामार्गाची माणसं त्यात आहेत ती आकड्यांच्या तक्त्यात: वय, लिंग, तापाचे दिवस, रानात गेला होता की नाही. निबंध लिहिणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण नमुना देणारी माणसं आणि नमुना तपासणारी माणसं आपल्याकडे इतकी वेगळी कशी पडली, आणि ही फाळणी मोडायला कुणी कधी पैसे मोजले का, हे बघायला मागे जावं लागतं. पैसे मोजले गेले होते. रकमा लहान होत्या आणि त्यांच्यामागे प्रत्येक वेळी एखादं हट्टी माणूस होतं.

मुंबईत प्लेगच्या लशीचं काम करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळला गेली. 1911 मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली, तीच 1949 पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणून ओळखली जाते. म्हणजे वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा शंभराहून जास्त वर्षं मिळतो आहे. तो कामाला मिळत होता, काम कुणी करायचं हा प्रश्न त्यात नव्हता. गोव्याच्या लोकांनी तर त्याही आधी, 1842 मध्ये, पणजीला वैद्यकीय शाळा पाहिली. तिथून डॉक्टर निघाले. संशोधक ही वेगळी जात होती आणि तिच्यात शिरायला वेगळा पैसा लागत होता.

असा वेगळा पैसा काढणाऱ्यांत जमशेटजी टाटा पहिल्यांपैकी. 1892 मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत दोन स्त्रिया होत्या: फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. दोघी डॉक्टर. संशोधक म्हणून त्यांना कुणी पाठवलं नव्हतं, बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी म्हणून पाठवलं होतं. तरीही कोल्हापूरची एक मुलगी एकोणिसाव्या शतकात परदेशी जाऊन वैद्यकीचं पुढचं शिक्षण घेते, हे त्या निधीशिवाय घडणं अवघड होतं.

यानंतरची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली आहे, पण तिच्यातला पैशाचा भाग सांगायचा राहून जातो. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि तिनं बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेकडे, अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही तिथलेच रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे घरात दुसऱ्या संस्थेचा विचारच नव्हता. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळुरूला जाऊन थडकल्या आणि हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगेल तेव्हा रात्रीही काम करावं लागेल, संस्थेतलं वातावरण बिघडता कामा नये. शेवटच्या अटीचा अर्थ ज्याला समजायचा त्याला समजला. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं, 1936 मध्ये एम.एस्सी. मिळवली आणि त्यानंतर त्या संस्थेनं मुलींना दार उघडलं.

वर्षभर बिनखात्रीचं काम करायची चैन कुणाला परवडते? घरी दोन शास्त्रज्ञ असलेल्या, मुलीला परगावी ठेवण्याची ऐपत असलेल्या घराला. कमलाबाईंच्या जिद्दीला यानं उणेपणा येत नाही. पण त्याच वर्षी बी.एस्सी. झालेली, घरचा आधार नसलेली एखादी मुलगी अशा अटींवर टिकली नसती, आणि तिचं नाव आज आपल्याला ठाऊक नसण्याचं कारण तेवढंच असेल.

पुढचा टप्पा मात्र सरळ शिष्यवृत्तीचा. 1937 मध्ये मुंबई विद्यापीठाची स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती आणि सर मंगळदास नथूभाई परदेशी शिष्यवृत्ती यांच्या बळावर त्या केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात आधी डेरेक रिक्टर, मग रॉबिन हिल यांच्याकडे काम केलं. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं, आणि चौदा महिन्यांत, जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर, 1939 मध्ये पीएच.डी. झाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. रामन यांना नावं ठेवताना एवढं लक्षात ठेवावं की त्या केंब्रिजनंही 1948 पर्यंत बायकांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी दिली नव्हती.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईची रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेवर काम केलं. आमच्या बाजूला माडाची आणि सुरमाडाची माडी काढणारे पिढ्यान्पिढ्या जे सांगत होते, ते त्यांनी जीवनसत्त्वांच्या आणि लोहाच्या आकड्यांत मांडलं. कुपोषित मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरेचा उपयोग होतो, हे दाखवल्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. संस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही चार वर्षं लांबवलं गेलं. शिष्यवृत्ती आत नेऊन सोडते, खुर्ची देत नाही, ही गोष्ट पुढेही पुन्हा पुन्हा दिसते.

आता ज्यांच्या घरी शास्त्रज्ञ काका नव्हते त्यांच्याकडे वळू. 1942 च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तीनच महिन्यांनी, 29 ऑक्टोबरला, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक लांबलचक निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आहेत, कायदेमंडळातल्या जागा आहेत, सरकारी ठेके आहेत आणि शिक्षण आहे. शिक्षणाच्या भागात त्यांनी मागितलेली रक्कम नेमकी होती. विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना देशातल्या संस्थांत शिष्यवृत्त्या देण्यासाठी दरसाल 2 लाख रुपये, आणि त्याच विषयांसाठी परदेशी पाठवायला दरसाल 1 लाख.

विज्ञान आणि तंत्रज्ञान, दुसरं काही नाही. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला, ग्रेज इनचा बॅरिस्टर झालेला हा माणूस साहित्य-कायद्याच्या पदव्यांनी आपल्या मुलांचं फारसं भलं होणार नाही म्हणतो, याचं नवल वाटेल. त्यांचा हिशेब व्यवहाराचा होता. कला शाखेची पुस्तकं उसनी आणता येतात, वाचनालयात बसून वाचता येतात, परळच्या चाळीत दिव्याखाली पाठ करता येतात, आणि हे त्यांनी स्वतः केलेलं होतं. प्रयोगशाळा उसनी आणता येत नाही. तिची फी, काचसामान, चार-पाच वर्षांचा पूर्णवेळ हे गरिबाच्या आवाक्याबाहेर होतं आणि बाहेरून मदत आल्याशिवाय तसंच राहणार होतं. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीनं आपल्याला न्यूयॉर्कला पोचवलं, हे ते विसरले नव्हते. एका महाराजाच्या मर्जीवर एक मुलगा जातो. त्यांना अर्थसंकल्पात दरवर्षी येणारी ओळ हवी होती.

अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार पैसे देतं, मग आमच्या वाट्याला काय, हा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारनं 3 लाखांची तरतूद मान्य केली आणि 1944 पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. काही मुलं विलायतेलाही गेली. आज गावोगावच्या कॉलेजात जिला नुसतं ‘स्कॉलरशिप’ म्हणतात, ती अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या 1944 च्या योजनेची वारस आहे. तिच्यातली विज्ञानाची अट मात्र वाटेत गळून पडली आणि सगळे विषय आले. हे चांगलं झालं की वाईट? लाखो मुलं शिकली हे चांगलंच. पण प्रयोगशाळेचा जादा खर्च वेगळा मोजला पाहिजे, हा मूळ मुद्दा त्यात बुडाला, असं मला वाटतं.

याच काळात मुंबईत एक माणूस वेगळ्या वाटेनं तेच करत होता. वसंत रामजी खानोलकर, जन्म 1895. आडनाव वेंगुर्ल्याच्या खानोलीशी नातं सांगणारं, घराणं गोव्याकडचं, समाज गोमंतक मराठा. या समाजातल्या कितीतरी घराण्यांतल्या बायका पिढ्यान्पिढ्या देवळाच्या सेवेला बांधलेल्या होत्या आणि मुलांना बापाचं नाव लावता येत नव्हतं, हा इतिहास सावंतवाडी-पेडण्याच्या पट्ट्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून 1923 मध्ये विकृतिशास्त्रातली एम.डी. मिळवली, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या आणि 1952 मध्ये परळला निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते प्रमुख झाले. कर्करोग आणि कुष्ठरोग हे त्यांचे विषय. भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो.

मला त्यांच्यात जास्त रस आहे तो माणसं निवडणारे म्हणून. त्यांच्या हाताखाली तरुण बायका मोठ्या जबाबदारीच्या जागी दिसतात. सत्यवती सिरसाट यांनी तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा उभी केली. आणि पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, मुलीला पेशींचा नाद. 1939 मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न होऊन मुंबईला आल्या, टाटा मेमोरियलमध्ये कामाला लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या फेलोशिपवर बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या.

गाय म्हणजे हेला पेशींचे गाय. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतून, तिला न विचारता, घेतलेल्या पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत काचेत वाढू लागल्या आणि आजही जगभर वाढताहेत. नमुना देणारी एका बाजूला आणि नमुना तपासणारे दुसऱ्या बाजूला, याचं यापेक्षा उघड उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात शोधावं लागेल. पेशी काचेत वाढवण्याचं ते तंत्र घेऊन रणदिवे परळला परतल्या आणि तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. 1966 पासून 1970 पर्यंत केंद्राचं संचालकपदही सांभाळलं.

पुण्यातही रॉकफेलरचाच हात होता. 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच पुढची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. पाच वर्षांनी, 1957 मध्ये, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं आणि माणसं मरायला लागली, तेव्हा पुण्याहून पथक गेलं, प्रमुख अमेरिकी, टेलफर्ड वर्क. विषाणू नवा निघाला आणि रानाचं नाव त्याला मिळालं. या संस्थेत घडलेल्या खोर्शेद पावरी पुढे तिच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. माकडतापाच्या रुग्णांत काय काय दिसतं, रक्तात काय बदल होतात, याचा 1989 मध्ये छापलेला आढावा त्यांचा आहे. केरच्या तापाला सत्तावीस वर्षांनी पुण्यात नाव मिळालं, त्यामागे हे सगळं साचलेलं ज्ञान होतं. त्या ज्ञानात पारशी, मराठी, कानडी, तमिळ, अमेरिकी सगळे आहेत. काजूखाली राबणाऱ्या घरातलं कुणी संशोधक म्हणून आहे का, हे शोधायला मात्र भिंगच लागेल.

1973 मध्ये रणदिवे आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. परिषदा, भाषणं हे सगळ्याच संघटना करतात. वाशीच्या इमारतीत यांनी पाळणाघर चालवलं, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह काढलं. संशोधनाच्या अनुदानात सूक्ष्मदर्शक बसतो, उंदीर बसतात, उंदरांचं खाणं बसतं, तान्ह्या मुलाला सांभाळणारी बाई बसत नाही. संशोधन सोडून घरी बसलेल्या बायकांसाठी सरकारला वेगळी तरतूद सुचायला आणखी तीस वर्षं लागली. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला वैज्ञानिक योजना 2002-03 ची, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर 2011 ची.

बाहेर राहिलेल्यांना प्रयोगशाळेत आणायचं कसं, या प्रश्नाला अमेरिकेनं 1989 मध्ये वेगळाच उपाय काढला होता. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडून एखाद्या प्राध्यापकाला संशोधनाचं अनुदान आधीच मिळालेलं असेल, तर त्यावर पुरवणी रक्कम मागायची सोय झाली. अट एवढीच की त्या पैशातून कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी अशा, प्रयोगशाळांत क्वचित दिसणाऱ्या समाजांतल्या मुलामुलींना कामावर घ्यायचं. पुढे त्यात अपंग आणि गरीब घरांतलेही आले. पैसा जायचा मार्गदर्शकाकडे. विद्यार्थी त्याच्या चालू कामात, चालू टेबलाशी, पहिल्या दिवसापासून हजर. 2025 च्या सुरुवातीला ट्रम्प सरकारनं समावेशनाच्या योजनांवर कुऱ्हाड चालवली, तीत ही पुरवणीही गेली.

आपल्याकडे पैसा विद्यार्थ्याच्या नावानं येतो. केंद्राची 2005-06 मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली फेलोशिप, राज्यात बार्टीची, त्यामागून सारथी, महाज्योती या संस्थांची. विद्यार्थ्याच्या हातात स्वतःचा पैसा असणं ही मानाची गोष्ट आहे, कुणाची मेहरबानी लागत नाही. पण फेलोशिप घेऊन दारात उभा राहिलेला मुलगा मार्गदर्शकाला बहुतेकदा फुकटचा वाटतो. आपल्या प्रकल्पात त्याला गुंतवण्याची मार्गदर्शकावर सक्ती नसते. त्यात फेलोशिपचे हप्ते महिनोन्‌महिने रखडतात. इतिहासाचा विद्यार्थी तेवढ्यात दप्तरखान्यात बसून राहील, पेशी वाढवणाऱ्याच्या पेशी मरतात. जागा किती, सगळ्या पात्र मुलांना का नाही, यावरून आझाद मैदानावर मुलं बसतात, आणि दर वेळी चर्चा रकमेपाशी थांबते.

1942 च्या त्या निवेदनात तीन लाखांच्या मागणीशेजारी आणखी एक मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने सरकारच्याच ताब्यात आहेत, तिथे अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असं बाबासाहेबांनी लिहिलं होतं. म्हणजे शिकायला पैसे एकीकडे आणि यंत्रापाशी उभं राहायला जागा दुसरीकडे, दोन्ही एकाच कागदावर. शिष्यवृत्तीची मागणी मान्य झाली म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. उमेदवारीच्या मागणीला वैद्यकीय संशोधनात आजही कुणी वाली नाही. रणदिवे उतारवयात अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेत हिंडल्या आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविकेचं काम शिकवत राहिल्या, ते त्या मागणीच्या जवळ जाणारं होतं. पण त्या कामाला नियमित अनुदान कधी जोडलं गेलं नाही. प्रकल्प मंजूर झाला की काम चालायचं, संपला की थांबायचं.